श्वासनलिका आणि पुस्तकातला तराजू

स्वायत्त चेतासंस्थेचा पाठ शिकवताना फळ्यावर दोन रकाने आखायचे, हा आपला जुना रिवाज आहे. डावीकडे अनुकंपी, उजवीकडे परानुकंपी. एक हृदयाचे ठोके वाढवते, दुसरी कमी करते. एक डोळ्याची बाहुली मोठी करते, दुसरी लहान. एक श्वासनलिका रुंद करते, दुसरी अरुंद. पुष्कळ पाठ्यपुस्तकांत हा तक्ता असतो, मार्गदर्शकांत तो चौकटीत छापलेला असतो आणि ‘फरक स्पष्ट करा’ म्हणून परीक्षेत हमखास येतो. काही ठिकाणी जोडीला तराजूचे चित्रही असते. आम्हीही व्याख्यानांतून इतकी वर्षे हाच तराजू काढत आलो. त्यातली श्वासनलिकेची ओळ मुलांना चुकीच्या समजुतीकडे नेते, असे आता आमचे मत झाले आहे. ते होण्यास कारण अकरावीतली एक मुलगी.

एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात दम्यावर बोलायला आम्ही गेलो होतो. तराजू काढून झाला. परानुकंपी चेता श्वासनलिका आवळते आणि तिला अडवणारी औषधे आहेत, त्यांना अँटिकोलिनर्जिक म्हणतात, हेही सांगून झाले. प्रश्नांच्या वेळी ही मुलगी उठली. म्हणाली, “सर, माझ्या धाकट्या भावाला दमा आहे. त्याच्याकडे निळा पंप आहे. त्यातलं औषध तुम्ही आत्ता सांगितलं ते नाही. ती चेता जर नळ्या आवळत असेल आणि तिला थांबवता येत असेल, तर मग सगळ्यांना तेच औषध का देत नाहीत?” पाठोपाठ एक ज्येष्ठ शिक्षक म्हणाले, “आमचे आजोबा धोत्र्याची विडी ओढायचे, त्यांना तेवढ्यानं बरं वाटायचं. मग हे इनहेलर तरी नवीन काय करतात?”

आम्ही हसून उत्तर दिले, की पारडे या बाजूने उचला किंवा त्या बाजूने दाबा, परिणाम एकच. डॉक्टर सोयीप्रमाणे ठरवतात. टाळ्याही पडल्या. परतीच्या एस.टी.त मात्र ते उत्तर टोचू लागले. दोन्ही पारडी जर सारखी, तर एक औषध पहिल्या क्रमांकाचे आणि दुसरे मदतनीस, असे जगभर का झाले? त्या मुलीचा प्रश्न बरोबर होता. चूक आमच्या चित्रात होती.

आधी चित्रात खरे काय आहे ते पाहू. मेंदूच्या तळातून निघणारी व्हेगस ही चेता मानेतून छातीत उतरते व हृदय, फुप्फुसे आणि पुढे जठर-आतड्यांना फांद्या देते. श्वासनलिकांच्या भिंतींत नळीला वेढणारे अनैच्छिक स्नायू असतात. व्हेगसच्या तंतूंच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन हे रसायन सुटते, स्नायूवरच्या ग्राहींना चिकटते आणि स्नायू आकसतो. चेता रसायनाच्या भाषेत बोलते हे ऑटो लोवी यांनी १९२१ साली बेडकाच्या हृदयावर दाखवले. एका हृदयाची व्हेगस उत्तेजित करून त्यातले द्रावण दुसऱ्या हृदयात घातले, तर दुसऱ्याचेही ठोके मंदावले. लोवी आणि हेन्री डेल यांना याच क्षेत्रातील कामाबद्दल १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ॲसिटिलकोलीनची या ग्राहींवरची जागा ॲट्रोपीन अडवून बसते, म्हणून ॲट्रोपीन दिल्यावर व्हेगसचा हा परिणाम दिसेनासा होतो.

निरोगी माणसातही व्हेगस श्वासनलिकांवर थोडा ताण कायम ठेवून असते. थोडा म्हणजे किती, याचा अंदाज वर्गात गणिताने करून घेता येतो. प्रवाह संथ असेल तर नळीचा रोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो, हा प्वासयचा नियम. त्रिज्या एक पंचमांशाने घटली की रोध जवळजवळ अडीच पट होतो, आणि निम्मी झाली की सोळा पट. दम्याच्या मुलाची धाप या चौथ्या घातात आहे. आणि याच कारणाने स्नायू किंचित सैल करणारे औषधही रोग्याला वरदान वाटते. धोत्र्याच्या विडीने आजोबांना बरे वाटत होते, ते खोटे नव्हते.

मद्रासहून निघालेली विडी

धोत्रा आपल्याकडे उकिरड्याच्या कडेला उगवतो आणि शंकराला वाहिला जातो. आयुर्वेदात त्याचे एक नाव कनक. दम्यावर दिल्या जाणाऱ्या कनकासवात तोच असतो. धोत्र्याचा धूर ओढण्याचा भारतातला उपाय मद्रासचे फिजिशियन जनरल जेम्स अँडरसन यांच्या पाहण्यात आला आणि १८०२ च्या सुमारास तो तिथून ब्रिटनमध्ये पोचला. पुढचे शतकभर युरोपात दम्याच्या सिगारेटी, जाळून धूर घ्यायच्या पुडी असा मोठा व्यापार चालला. मार्सेल प्रूस्त हा फ्रेंच कादंबरीकार असल्या सिगारेटी आणि धुऱ्या घेणाऱ्यांपैकी एक. १८३३ पर्यंत जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी बेलाडोना वनस्पतीतून ॲट्रोपीन शुद्ध रूपात वेगळे केले होते. धोत्र्यातले हायोसायमीन हे त्याचेच भावंड. त्याच रेणूची ती एक बाजू आहे असे म्हटले तरी चालेल.

ही गोष्ट आपल्या विज्ञानविषयक लेखनात दोन तऱ्हांनी सांगितली जाते. एक तऱ्हा अशी, की आपल्या पूर्वजांना सगळे ठाऊकच होते, पाश्चात्त्यांनी फक्त डबी बदलली. दुसरी अशी, की अडाणी विडीपासून शास्त्रीय फवाऱ्यापर्यंत माणूस पायरी पायरीने चढला. आम्हाला दोन्ही खटकतात, कारण दोन्हींत विडी आणि फवारा एकाच सरळ रेषेवर बसवलेले आहेत आणि मधे जे बिघडले ते वगळलेले आहे.

बिघडले ते असे. ॲसिटिलकोलीनचे हे ग्राही केवळ श्वासनलिकेत नसतात. ते हृदयात, डोळ्यात, लाळग्रंथीत, मूत्राशयात आणि मेंदूतही असतात. धोत्रा सगळीकडेच जाऊन बसतो. तोंडाला कोरड पडते, छाती धडधडते, बाहुल्या विस्फारून समोरचे पुसट दिसते, लघवी अडते आणि मात्रा थोडी वाढली की माणूस बरळू लागतो. मात्रा मोजायची सोय नाही, कारण एका झाडाच्या पानातले द्रव्य दुसऱ्या झाडाइतके नसते. एकाच झाडाच्या पानात आणि बीतही फरक असतो. प्रवाशांना धोत्र्याचे बी खाऊ घालून लुटण्याचे प्रकार जुन्या नोंदींत आहेत आणि मुलांनी चुकून बिया खाल्ल्याने होणारी विषबाधा अजूनही सरकारी दवाखान्यांत येते. शिवाय आधीच दाह असलेल्या नळ्यांत धूर सोडायचा, हा निराळाच प्रकार. ॲट्रोपीनने नळ्यांतला श्लेष्मा घट्ट होतो आणि तो वर ढकलणाऱ्या सूक्ष्म रोमकांचे काम मंदावते. दम्याच्या रोग्याला नेमके हेच नको असते.

म्हणून एक सूचना इथेच करतो. वनस्पतींच्या औषधी गुणांवर प्रकल्प करणाऱ्या मुलांना धोत्रा दुरून दाखवावा. बिया गोळा करणे, उकळणे, चाखणे असले काहीही होऊ देऊ नये. नैसर्गिक आहे म्हणजे सौम्य आहे, या समजुतीला धोत्र्याइतके चोख उत्तर क्वचितच सापडेल.

एका नायट्रोजनचे काम

विसाव्या शतकात आधी ॲड्रेनलीन आणि एफेड्रिन यांनी व मग १९६९ मध्ये बाजारात आलेल्या साल्ब्युटामॉलने धोत्र्याला मागे टाकले. तो बादच व्हायचा, पण रसायनशास्त्रज्ञांनी ॲट्रोपीनच्या रेणूत एक लहान फेरफार केला. ही हकीकत रसायनशास्त्राच्या शिक्षकांना फार उपयोगाची आहे. एरवी ती दोन ओळींत उरकली जाते, म्हणून आम्ही जरा रेंगाळतो.

ॲट्रोपीनमधल्या नायट्रोजनला तीन कार्बन जोडलेले आहेत आणि त्याच्याकडे इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी आहे. या जोडीवर तो प्रोटॉन घेतो, सोडतो, पुन्हा घेतो. प्रोटॉन घेतलेला रेणू धनभारित असतो. शरीरातल्या बहुसंख्य रेणूंची कोणत्याही क्षणी हीच अवस्था असते. पण प्रोटॉन सोडलेल्या थोड्या रेणूंवर भार नसतो, आणि पेशींची पटले स्निग्ध असल्याने भाररहित रेणू त्यांतून सहज सटकतो. थोडे सटकले की समतोल साधायला आणखी थोडे प्रोटॉन सोडतात. असे करत ॲट्रोपीन रक्तात जाते आणि मेंदूचे राखणदार पटलही ओलांडते. बरळणे तिथून येते.

आता या नायट्रोजनला चौथा कार्बन जोडून द्या. मोकळी जोडी बंधात अडकली. प्रोटॉन घेणे-सोडणे संपले, भार मात्र कायमचा झाला. अशा रेणूला स्निग्ध पटल ओलांडणे जड जाते. ॲट्रोपीनमध्ये असा बदल करून इप्राट्रोपियम ब्रोमाइड तयार झाले. ते १९७० च्या दशकात युरोपात आणि १९८६ मध्ये अमेरिकेत वापरात आले. फवाऱ्यातून घेतले की ते बरेचसे जिथे पडते तिथेच राहते. गिळले गेले तरी आतड्यातून फारसे शोषले जात नाही, मेंदूत जवळजवळ जातच नाही आणि रोमकांचे कामही ॲट्रोपीनसारखे मंदावत नाही. तोंडाला थोडी कोरड पडते, तेवढी उरते. ज्या ग्राहीला धोत्रा अडवतो त्यालाच हेही अडवते. विडी आणि फवारा यांत फरक पडला तो रेणू कुठे जाऊ शकतो एवढ्याच बाबतीत, पण त्या फरकाने विषाचे औषध झाले. ‘डबी बदलली’ म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

इथपर्यंतची हकीकत ऐकली तर त्या मुलीचा प्रश्न उलट अधिकच जोर धरतो. इतके नेमके, इतके निर्धोक औषध हाती आले, मग दम्यात ते पहिले का नाही?

याचे उत्तर तराजू देऊ शकत नाही. कारण पहिली गोष्ट अशी, की माणसाच्या श्वासनलिकांत तराजूचे दुसरे पारडे जवळजवळ नाहीच. तिथल्या स्नायूंपर्यंत अनुकंपी चेतातंतू नगण्य प्रमाणात पोचतात. स्नायूवर ॲड्रेनलीनचे ग्राही भरपूर आहेत, पण त्यांना निरोप येतो तो चेतेतून नव्हे, अधिवृक्क ग्रंथींनी रक्तात सोडलेल्या ॲड्रेनलीनकडून. याहून गमतीची गोष्ट म्हणजे माणसाच्या श्वासनलिका सैल करणारे जे चेतातंतू आहेत, तेही व्हेगसच्याच मार्गाने येतात आणि नायट्रिक ऑक्साइडसारखी रसायने वापरतात. म्हणजे ‘परानुकंपी – अरुंद करते’ हे अर्धेच झाले. ‘अनुकंपी – रुंद करते’ यात तर चेतेच्या नावावर संप्रेरकाचे काम जमा केले आहे.

हा काथ्याकूट वाटेल, पण त्याची किंमत रोग्यांनी मोजलेली आहे. ॲड्रेनलीनचे ग्राही अडवणारे प्रोप्रानोलॉल हे हृदयाचे औषध १९६० च्या दशकात आले. निरोगी माणसाच्या श्वासावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. दम्याच्या रोग्यांत मात्र त्याने जोराचा झटका येऊ शकतो, हे १९६४ मध्येच नोंदले गेले. असे का व्हावे? १९८९ साली ब्रिटिश संशोधकांनी दाखवले, की अशा रोग्यांना आधी अँटिकोलिनर्जिक हुंगवले तर नळ्यांचे हे आकसणे टळते. याचा अर्थ असा लागतो, की दम्यात व्हेगसची ओढ जबर असते आणि रक्तातले ॲड्रेनलीन तिला कसेबसे आवरून धरत असते. ते आवरणे काढून घेतले की व्हेगस मोकाट सुटते. व्हेगसला दम्यात महत्त्व आहे, हे यावरून दिसते. पण ते दिसायला तराजू मोडावा लागला.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. दम्यात स्नायूला आवळायला व्हेगस एकटी नसते. ॲलर्जीच्या संपर्काने श्वासनलिकेतल्या मास्ट पेशी फुटतात, त्यांतून हिस्टामिन, ल्युकोट्रायिन, प्रोस्टाग्लँडिन अशी द्रव्ये सुटतात आणि ती स्नायूवरच्या आपापल्या ग्राहींना थेट भिडतात. व्हेगसची त्यांना गरज नसते. रस्सीखेचीत पाच गडी दोर ओढत असताना त्यांतल्या एकाचे हात धरून ठेवावे, तसे अँटिकोलिनर्जिकचे काम आहे. बाकीचे चौघे ओढतच राहतात. साल्ब्युटामॉल गडी मोजत बसत नाही. ते स्नायूलाच आतून सैल व्हायला सांगते, मग आवळणारा कोणीही असो. शिवाय ते पाचएक मिनिटांत काम सुरू करते. इप्राट्रोपियमला पूर्ण परिणाम दाखवायला तासभर लागतो. जीव घाबरा झालेल्या मुलासाठी हा फरक लहान नाही. बहुतेक करून दीर्घ धूम्रपानाने किंवा चुलीच्या धुराने होणाऱ्या जुनाट फुप्फुसरोगात परिस्थिती निराळी असते. तिथे नळ्या रचनेनेच अरुंद झालेल्या असतात आणि सैल करण्याजोगा भाग मुख्यतः व्हेगसच्या ताणाचाच उरतो. म्हणून त्या रोगात हीच औषधे पुढच्या रांगेत बसतात. औषध तेच, ग्राही तोच. रोग बदलला की त्याचा क्रमांक बदलतो.

आता याच्या उलट टोकाच्या लोकांकडे वळतो. अँटिकोलिनर्जिक म्हणजे जुनाट फुप्फुसरोगाचे औषध, दम्यात त्याचे काही काम नाही, असे बरीच वर्षे सर्रास म्हटले जाई. हेही तक्त्यासारखेच सोपे करून घेतलेले विधान आहे. १९८० च्या दशकात कळले, की ॲसिटिलकोलीनचे हे ग्राही एका जातीचे नाहीत. श्वासनलिकेत स्नायूवर मुख्यतः एम-३ जातीचे ग्राही स्नायू आवळायचे काम करतात, तर चेतातंतूच्या टोकावरच एम-२ ग्राही बसलेले असतात. सुटलेले ॲसिटिलकोलीन या एम-२ ला लागले की चेता आपले पुढचे रसायन सोडणे कमी करते. चेतेने स्वतःलाच लावलेला हा लगाम म्हणायचा. दम्यात जमा होणाऱ्या इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी एक प्रथिन सोडतात. ते प्रथिन एम-२ ग्राहींना निकामी करते, असे १९९३ साली प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले. लगाम तुटला की चेता भरमसाट ॲसिटिलकोलीन सोडू लागते. म्हणजे व्हेगसची ओढ दर रोग्यात आणि दर वेळी सारखी नसते. दाह जेवढा जास्त, तेवढी ती वाढण्याची शक्यता.

ही गोष्ट रोग्यांत कशी दिसते, यासाठी १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला एक अभ्यास पाहावा. दम्याचा झटका घेऊन तातडीच्या विभागात आलेली दोन ते अठरा वर्षांची ४३४ मुले. सर्वांना साल्ब्युटामॉलची वाफ आणि तोंडाने स्टेरॉइड दिले. निम्म्यांच्या वाफेत इप्राट्रोपियम मिसळले, निम्म्यांच्या वाफेत नुसते मिठाचे पाणी. इप्राट्रोपियम न मिळालेल्यांपैकी ३६.५ टक्क्यांना दाखल करावे लागले, मिळालेल्यांपैकी २७.४ टक्क्यांना. पण खरी बातमी या सरासरीच्या पोटात आहे. मध्यम झटका असलेल्या मुलांत दोन्हीकडे सुमारे दहा टक्केच दाखल झाली, फरक काहीच नाही. तीव्र झटक्याच्या मुलांत ५२.६ टक्क्यांवरून ३७.५ टक्क्यांवर उतार पडला. म्हणजे अशा शंभर मुलांमागे पंधरा जणांची दाखल होणे टळले. आणि पुढच्या अभ्यासांत असेही आढळले, की मूल एकदा दाखल झाल्यावर इप्राट्रोपियम चालू ठेवून जास्तीचा फायदा होत नाही. ‘दम्यात उपयोगी आहे का?’ या प्रश्नाला हो किंवा नाही असे उत्तरच नाही. कोणाला, केव्हा आणि कशाच्या जोडीला, हे विचारावे लागते. विज्ञानाच्या परीक्षेत असे प्रश्न आपण क्वचित घालतो, कारण ते तपासायला कठीण.

पुढे टायोट्रोपियम आले. ते एम-३ ला दीर्घकाळ चिकटून राहते आणि एम-२ ला लवकर सोडते, म्हणून दिवसातून एकदा पुरते. दम्यात त्याच्या चाचण्या झाल्या, त्यांतल्या दोन ठळक. २०१० च्या अभ्यासात हुंगायच्या स्टेरॉइडची मात्रा दुप्पट करण्यापेक्षा टायोट्रोपियमची जोड देणे सरस ठरले. २०१२ मध्ये, दोन औषधे घेऊनही आटोक्यात न येणारा दमा असलेल्या ९१२ रोग्यांवरच्या जोडचाचण्यांचे निष्कर्ष आले. तीव्र उचल खाण्याचा धोका २१ टक्क्यांनी घटला. पहिल्या सेकंदात बाहेर पडणाऱ्या हवेत एका चाचणीत ८६ आणि दुसरीत १५४ मिलिलिटरची भर पडली. हे औषध अमेरिकेत दम्यासाठी बारा वर्षांवरील रोग्यांना २०१५ पासून आणि सहा वर्षांवरील मुलांना २०१७ पासून मंजूर आहे. नव्या औषधांविषयी लिहिताना ‘क्रांती’ हा शब्द हटकून येतो, म्हणून सांगतो: ८६ मिलिलिटर म्हणजे टपरीवरचा एक कटिंग चहा. ज्याचा श्वास अडला आहे त्याला तो कटिंगही मोलाचा असतो, पण क्रांती निराळी असते.

दम्यातली क्रांती, शब्द वापरायचाच तर, हुंगायच्या स्टेरॉइडने केली. बेक्लोमेथासोनचा फवारा १९७२ मध्ये आला. तो दोर ओढणाऱ्या कोणाचेही हात धरत नाही. त्यांना तिथे जमवणाऱ्या दाहाला शमवतो. त्याने लगेच काही जाणवत नाही, म्हणून रोगी तो सोडून देतात आणि लगेच मोकळे करणारा निळा पंप खिशात ठेवतात. आजोबांच्या विडीची खरी उणीव इथे आहे. तिने झटका ओसरायचा. खाली दाह चालूच राहायचा. विडीच्या जागी नुसता निळा पंप आला तर रेणू बदलला, चूक तीच राहिली. २०१९ पासून दम्यावरील जागतिक मार्गदर्शक सूचना प्रौढांना व किशोरवयीनांना केवळ साल्ब्युटामॉलसारख्या औषधावर ठेवू नये असे सांगतात, आणि लहान मुलांतही दाह शमवणाऱ्या औषधावर भर देतात. जागतिक रोगभाराच्या २०१९ च्या अंदाजानुसार दम्याच्या एकूण रोग्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात होते, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक भारतात झाले. ‘पंपाची सवय लागते’, ‘स्टेरॉइड म्हणजे वाईटच’, ही वाक्ये आपण शिक्षकांच्या खोलीत ऐकलेली आहेत. काही वेळा ती आपणच पालकांना ऐकवलेली असतात.

तक्त्याची ती ओळ मग कशी लिहावी? आम्ही आता फळ्यावर श्वासनलिकेचा आडवा छेद काढतो. भोवती स्नायूचे कडे. एका बाजूने व्हेगसचा तंतू, त्याच्या टोकावर लगाम. दुसऱ्या बाजूने मास्ट पेशी आणि तिच्यातून निघणारे तीन-चार बाण. रक्तवाहिनीतून येणारे ॲड्रेनलीन. आणि आतल्या अस्तराला आलेली सूज. मग मुलांना विचारतो, की कोणते औषध कुठे काम करील. चित्र तराजूइतके देखणे होत नाही, खडू जास्त लागतो आणि एक तास पुरत नाही. तक्ता पाठ करणाऱ्या मुलांचे परीक्षेतले गुण मात्र बुडू नयेत, म्हणून पुस्तकातली ओळही सांगून ठेवतो. ती कोणत्या पुस्तकात बदलेल याची वाट पाहत आहोत.

त्या मुलीला आम्ही कॉलेजच्या पत्त्यावर सविस्तर पत्र लिहिले. आमचे उत्तर चुकले होते हे कबूल केले आणि भावाला निळ्या पंपाशिवाय रोजचा दुसरा पंप दिलेला आहे का, हे डॉक्टरांना विचारण्यास सांगितले. महिन्या-दीड महिन्याने उत्तर आले. दुसरा पंप दिलेला होता. तो कपाटात होता. मधे भावाला रात्री जोराचा झटका येऊन तालुक्याच्या दवाखान्यात न्यावे लागले. मास्क लावून वाफ दिली. पहाटे त्याला बरे वाटले, पण आईने पाहिले तर त्याच्या उजव्या डोळ्याची बाहुली डावीपेक्षा कितीतरी मोठी. घरात रडारड झाली. डॉक्टरांनी त्याला तपासले, विजेरी डोळ्यावर मारून पाहिली, मास्क उजवीकडून सैल होता हे पाहिले आणि वाफेत इप्राट्रोपियम होते असे सांगितले. एक बाहुली अशी मोठी होण्याची इतर, गंभीर कारणेही असतात. म्हणून ही तपासणी डॉक्टरांनीच करायची. दुसऱ्या दिवशी बाहुली पूर्ववत झाली.

मुलीने पत्रात लिहिले होते, की बुबुळात बाहुली लहान करणारा आणि मोठी करणारा असे दोन निराळे स्नायू असतात आणि दोन्हींना आपापली चेता असते, हे तिने पुस्तकात पाहिले. मग तिथे तरी तराजू चालतो ना, सर?

डोळ्यात चालतो. तसे तिला कळवले आहे.